रोवणीची ओळ आणि कुमुदताई

डॉ. कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट केशोरीच्या समाजमंदिरात झाली, आणि खरं सांगायचं तर त्या मला मुळीच आवडल्या नाहीत. स्तनांच्या तपासणीसाठी त्या अर्जुनी मोरगावहून आल्या होत्या. मी अंगणवाडी सेविका, म्हणून बायका जमवण्याचं काम माझ्याकडे. दुपारपर्यंत एकही बाई फिरकली नाही. आत जाताना जी दिसेल तिला काहीतरी झालंय, हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार, याची सगळ्यांना धास्ती. ताईंनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "चूक बायकांची नाही, आपल्या बोलावण्याची आहे." बोलावलं मी होतं, त्यामुळे ती पोळी मला गोड लागली नाही.

मग त्यांनी रोवणीची चौकशी केली. आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, बायकांची टोळी करते. सगळ्या एका ओळीत वाकतात आणि एखादीचा हात थकला की शेजारची तिचा वाटा उचलते. पुढच्या खेपेला ताईंनी अख्ख्या टोळीलाच बोलावलं. रोवणी आटोपल्यावर सगळ्या एकदम आल्या, रोवणीच्याच ओळीने. कुणा एकीकडे बोट दाखवायला जागाच उरली नाही.

त्या ओळीत मी इतरांना धीर यावा म्हणून उभी राहिले, आणि गाठ माझ्याच छातीत निघाली. मी म्हटलं, "ताई, दुखून नाही राहिली, तं कायले काळजी?" आमच्याकडे न दुखणारं ते साधं, असाच समज आहे. ताई शांतपणे म्हणाल्या, "दुखत नाही म्हणूनच दाखवायची. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही." गोंदियाला मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. प्रत्येक वेळी ताई खोलीबाहेर बसून होत्या. लवकर सापडला म्हणून मी आज हे लिहिते आहे.

ऑपरेशन, केमो, गेलेले केस, हे सगळं सोसलं. पुढचा पावसाळा मात्र सोसवेना. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात सुजायचा, म्हणून टोळीने मला बोलावलंच नाही. टोळीच्या प्रमुख शेवंताबाई मायेनेच म्हणाल्या, "तू बस वो घरी, आमी करून घेतो." मी घरात बसून रडले. जीव वाचला होता, पण ओळीतली जागा गेली होती. ताईंच्या कानावर हे गेलं तशा त्या थेट बांधावर आल्या. "हिला घरी बसवा असं मी सांगितलं होतं का?" त्यांनी शेवंताबाईंना विचारलं. मग नियम घालून दिले: जड ओझं नको, हाताला जखम होऊ द्यायची नाही, व्यायाम रोज. हात सुधारेपर्यंत बांधावरून रोपांच्या लहान जुड्या दुसऱ्या हाताने द्यायच्या. शेवंताबाई म्हणाल्या, "मंग बांधावरच ये, पण ये." पुढच्या वर्षी मी हातमोजे घालून चिखलात उतरले.

ताई तशा कडकच. तपासणीला जायची बस चुकवणाऱ्या बाईला त्या असं काही बोलतात की ती पुढल्या खेपेला तासभर आधी येऊन बसते. गेल्या रोवणीनंतर मात्र शेवंताबाईंनी त्यांनाच विचारलं, "ताई, तुमची तपासणी कवा झाली?" ताईंनी विषय बदलला, आणि आम्ही काय ते समजलो. मग अख्खी टोळी त्यांना घेऊन बसने गोंदियाला गेली. मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर त्यांचा चष्मा सांभाळत बसले, तेव्हा मला कळलं की बाहेर बसणाऱ्याचं काळीज कसं असतं. रिपोर्ट चांगला आला. ताई कुरकुरल्या, "उगाच सगळ्यांचा दिवस मोडलात." शेवंताबाई म्हणाल्या, "एकटीले पाठवाचं नाही, हे तुमीच शिकवलं."

कुमुदताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा. दर रोवणीनंतर आमच्या तपासणीच्या ओळीत पहिली जागा त्यांची. बोलावण्याचं काम अजूनही माझ्याकडेच आहे, आणि आता त्यात चूक होणार नाही.