नटावरची पिवळी रेघ

कमानकाकांच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. आधी सकाळी तासभर, मग दुपारपर्यंत. बेचाळीस वर्षं ते गाड्यांच्या चाकांवरच्या पोलादी कमानी आणि स्प्रिंगा बसवत आले होते. त्या धंद्यात दुखणं कुरवाळत बसलं तर काम कधी करायचं, असं त्यांचं म्हणणं.

गाळा दोन गाड्यांपुरता. शेजारच्या गाळ्यात चाकांची अलाइनमेंट करणारा होता. चाकं सरळ करतो म्हणून त्याला सगळे सरळ्या म्हणत. माणूसही सरळ आहे का, याचा पुरावा कोणी मागू नये. त्याच्या भिंतीवर टॉर्क पाना टांगलेला असे. त्यावर आकडा लावायचा, नट आवळायचा, तेवढा जोर पडला की पाना 'टक' वाजतो. काकांनी तो कधी हातात धरला नाही. शेवटच्या पाव फेऱ्याला नट कसा जड होत जातो ते हाताला कळतं, आणि ज्याच्या हाताला कळत नाही त्याने दुसरा धंदा बघावा. तुमच्या हातावर कंपनीने शिक्का मारलाय का, असं सरळ्या विचारायचा. काका पुढचा नट धरायचे. आवळून झालं की डबीतला पिवळा रंग काडीवर घ्यायचे आणि नट-बोल्टवरून एक सरळ रेघ ओढायचे. नट हलला तर रेघ तुटते. ती रेघ म्हणजे काकांची सही. रेघ पाहून लोक डोळे झाकून गाडी घाटात घालत.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई पिकअप घेऊन आल्या त्या अशाच कोणीतरी सांगितलं म्हणून. त्यांची फिरती डोंगरातल्या गोठ्यांवर, वाटेत दगडच दगड. गाडीला मोठे टायर घालायचे होते. पण पिकअपची पुढची बाजू मागच्यापेक्षा दोन इंच खाली असते. मोठा टायर घातला की वळताना तो मडगार्डला घासणार. पुढची बाजू उचलून गाडी सपाट करायला हवी होती.

काकांनी आधी विचारलं, मागे ओझं किती असतं. कंपनी मागची बाजू उगाच उंच ठेवत नाही. माल भरला की ती खाली बसते आणि गाडी आपोआप सपाट होते. रिकाम्या गाडीला सपाट केलं, तर भरल्यावर तिचं नाक आभाळाकडे. बाई म्हणाल्या, औषधांच्या चार पेट्या कायम, कधीमधी एखादं वासरू. काकांनी चार पेट्या मागे ठेवूनच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं, चारही बाजूंनी, दोनदा. मग दोन इंच नाही, दीड इंचच उचलायचं ठरवलं. असं विचारणारा मिस्त्री त्या रस्त्यावर दुसरा नव्हता.

काम सात तासांचं होतं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं काढली, स्प्रिंगसकट शॉक-अब्सॉर्बर खाली उतरवले, वर दीड इंचाला पुरेल अशी जाड चकती बसवली. परत जागेवर नेताना चाक धरणारा खालचा दांडा पहारीने दाबून धरावा लागतो आणि त्याच वेळी बोल्ट भोकातून पार करावा लागतो. डावी बाजू तिसऱ्या खेपेला बसली, उजवी सहाव्या. मोठे टायर चढवून गाडी जमिनीवर उतरवली आणि मग नट शेवटचे आवळले, कारण ते गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे असतात. उजवा खालचा नट आवळताना खांदा भरून आला होता. हात म्हणाला, झालं. काकांनी रेघ ओढली. तीनशे किलोमीटर झाले की एकदा दाखवून जा, असं बाईंना सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी घरी सिंकखाली पाण्याचं थारोळं होतं. तिथला पाइप काकांनी आदल्याच दिवशी बदलला होता. काकू ओणव्या झाल्या, पाना घेतला आणि फिरवला. नट अर्धा फेरा सहज गेला.

"अहो, हा सैलच ठेवलात की."

काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्यांना आठवत होतं, हात म्हणाला होता, झालं. आणि काकूंच्या मनगटात केवढासा जोर, ते त्यांना ठाऊक होतं.

काका खाली फरशीवरच बसले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे.

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

"मला वाटलंच. शर्टाची बटणं हल्ली डाव्या हाताने लावता." काकू फडकं घेऊन पाणी पुसायला लागल्या.

काका चहा न घेता गाळ्यावर गेले. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. लागला नाही. आठ वेळा लावला. सरळ्या शटर उघडत होता. आज एवढ्या सकाळी कोणाची आठवण येतेय, असं तो म्हणाला आणि काकांचा चेहरा बघून जवळ आला. काकांनी त्याला सगळं सांगितलं. त्याने टिंगल केली असती तर बरं वाटलं असतं. त्याने नुसता पाना भिंतीवरून उतरवला.

अकराला बाईंचा फोन आला. घाट चढून वरच्या गोठ्यावर होत्या. गाडी झकास चाललीय, म्हणाल्या. फक्त कालपासून उजवीकडे वळताना पुढून टकटक येतं, नव्या टायरांचं असेल. एक गाय अडली होती ती मोकळी झाली, आता तासाभरात खाली उतरायचं, खाली दुसरी वाट बघतेय.

"डॉक्टर, गाडी हलवू नका," काका म्हणाले. "माझी चूक झालीय. मी येतो."

बेचाळीस वर्षांत हे शब्द त्यांनी गिऱ्हाइकाला कधी म्हटले नव्हते. म्हणावेही लागले नव्हते.

सरळ्याने आपली गाडी काढली. दीड तासाचा रस्ता होता. घाटात एका वळणावर कठडा तुटलेला होता, जुनाच. काका तो मागे जाईपर्यंत बघत राहिले.

गोठ्याशी पिकअप उभी होती, बाजूने बघितली तर अगदी सपाट. माप तसूभर चुकलं नव्हतं. काका चिखलात आडवे होऊन खाली सरकले. उजव्या खालच्या बोल्टवरची रेघ तुटली होती. नट तीन आटे मागे आला होता. आणखी काही वळणं, आणि बोल्ट सुटून तो कोपरा खाली बसला असता. काकांनी नट आवळला, पाना वाजेपर्यंत. मग डाव्या बाजूला गेले. तिथली रेघ अखंड होती. तरी पाना लावला. पाना पाव फेरा फिरला, मगच वाजला. अखंड रेघही खोटी होती.

एकेक नट करत दोन तास गेले. शेवटी सरळ्याने रंगाची डबी पुढे केली. काकांनी काडी घेतली, बुडवली, आणि परत त्याच्या हातात दिली.

"तू मार."

सरळ्याने मारली. रेघ वाकडी आली. काकांनी ती पुसायला लावली नाही.

बाईंनी रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. हात धुऊन आल्या, काकांचं मनगट उलटं केलं, दोन बोटांनी ठोकलं, कुठे झिणझिण्या येतात ते विचारलं. मग म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर नाही. माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

"जनावराला असं झालं असतं, तर काय सांगितलं असतं?"

त्यांनी मनगट सोडलं. "कामाला जुंपू नका, असं सांगितलं असतं."

काकांनी मान हलवली. दुसरं मत विचारायची गरज नव्हती.

पिकअप पुढे, हे दोघं मागे, असे घाट उतरायला लागले. दोन वळणं गेल्यावर काका बोलायला लागले. वही त्यांनी कधी ठेवली नव्हती. प्रत्येक गाडी डोक्यात होती. दूधवाल्याचा टेम्पो, मागच्या कमानी. शाळेची व्हॅन, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा. विटा वाहणाऱ्याचा ट्रक. चार महिन्यांतली प्रत्येक, जिच्यावर त्यांनी रेघ ओढली होती. सरळ्या मधेच म्हणाला, सावकाश सांगा, मी चालवतोय, लक्षात राहायला हवं.

घाट संपला. काकांची यादी संपली नव्हती.