मिस्त्रींचं नाक

मोटार शिकवणाऱ्या बाईंची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात वाफा सोडत उभी राहिली, तेव्हा मिस्त्रींनी हातातला पाना फरशीवर आपटला. बाई काही ओरडल्या नाहीत. "आज सापडलं नाही तर मी गाडी दुसरीकडे नेईन," एवढंच म्हणाल्या. "शिकायला आलेली माणसं भर रस्त्यात अडकतात हो." आणि चालत निघून गेल्या.

दुसरीकडे! अहो, दुसरीकडे हात टेकलेल्या गाड्या आजवर यांच्याकडे येत. नाकवाले मिस्त्री म्हणून त्यांना सगळे ओळखत. इंजिन तापतंय म्हटलं की बाकीचे लोक रबरी होज दाबून बघत, पंखा फिरतो का पाहत, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते तपासत. हे नुसतं बॉनेट उघडून हुंगत. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटला गोडसर वास असतो. तो धुरातून आला तर हेड गॅस्केट गेलं, पंपापाशी आला तर पंपाचं सील. मिस्त्रींची सगळी विद्या त्या नाकात होती, आणि तोराही.

मग तो मेला ताप आला. गेला, तो जाताना वास घेऊन गेला. पेट्रोल, साबण, धूर, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. ही गोष्ट मिस्त्रींनी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. पूर्वी बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आता ते मुकाट्याने जेवत, कारण नावं ठेवायला जावं आणि नेमकं भलतंच तोंडातून निघावं, ही धास्ती.

या गाडीने तर त्यांचा अंतच पाहिला. रेडिएटरचं झाकण बदललं, होज बदलले, पंप खोलून पुन्हा बसवला. दोन दिवस बरे जात, की ये रे माझ्या मागल्या, टाकीतलं कूलंट तळाला. दाब तपासायचा हातपंप लावला की काटा हळूहळू उतरे, म्हणजे गळत होतं नक्की. पण गाडीखाली फरशी कोरडी ठणठणीत. सवयीने ते सायलेन्सरपाशी वाकून हुंगत आणि मग स्वतःलाच शिव्या घालत.

दुपारी बायको डबा घेऊन आली. गॅरेजातल्या एकुलत्या खुर्चीवर जुनी बॅटरी ठेवलेली, म्हणून ती बाईंच्याच गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"अहो, या गाडीत काय सांडलंय? किती गोड वास येतोय."

मिस्त्री वाकलेले होते ते ताठ झाले. त्यांनी तिला उतरवलं आणि तिच्या पायाखालची रबरी मॅट उचलली. खालचा गालिचा चिंब होता. बोटांना हिरवट, बुळबुळीत पाणी लागलं. डॅशबोर्डामागचा हीटरचा छोटा रेडिएटर फुटला होता आणि सगळं कूलंट आतल्या आत पाझरत होतं. मॅट उचलून बघणं त्यांना सुचलंच नव्हतं. नाकाने उभ्या आयुष्यात तशी वेळ येऊच दिली नव्हती. सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट संताप आला.

बायको त्यांच्याकडे बघत उभी होती.

"तुम्हाला आला नाही वास?"

मिस्त्रींनी ओली मॅट झटकून बाजूला ठेवली.

"परवा दूध करपलं होतं. मी ओतून देणार होते, तेवढ्यात तुम्ही कप भरून प्यायलात. केव्हापासून हे?"

"त्या तापापासून."

"आणि मला वाटत होतं, एवढ्या वर्षांनी माझ्या हातचं आवडायला लागलं तुम्हाला."

त्यापेक्षा बाईंनी गाडी नेली असती तरी परवडलं असतं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण मिस्त्रींना माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी हात पुसले, बॅटरी उचलून खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली आणि स्वतः उभ्यानेच डबा उघडला. एक घास खाल्ला, नीट चावला.

"मीठ जास्त झालंय," ते म्हणाले.

खरंच झालं होतं. तेवढं जीभ अजून सांगत होती.

बायकोने पदराने डोळे पुसले. "मग उद्यापासून स्वतः करा," ती फणकारली, आणि खुर्चीवर बसली.