वडलांचा पाट

माझी नात रेवा आणीबाणीतलं माझं लहानपण चित्रांच्या पुस्तकात उतरवतेय. काल तिनं एक पान दाखवलं. वडील सभेत बोलले म्हणून पोलीस त्यांना घेऊन चाललेत आणि दारात उभा राहून मी रडतोय.

"हे खोड. मी रडलो नव्हतो."

"आजोबा, एवढंसं पोर रडणार नाही तर काय करणार?"

"तू होतीस का तिथं?"

ती हसली. "बरं, मग काय केलंत ते सांगा."

देशात काय उलथापालथ चाललीय, हे पोराला भाषणातून कळत नाही. संध्याकाळी घरात ताटं वाढली की कळतं. त्या दिवशी आईनं वडलांच्या जागी त्यांचा पाट मांडला आणि मला म्हणाली, "बस, आता तूच." मी बसलो नाही. शेजारी जमिनीवर जेवलो. वडील सुटून येईपर्यंत मी आईला तो पाट रोज मांडायला लावला आणि रिकामाच ठेवला.

रेवानं चित्रातलं डोळ्यांतलं पाणी खोडलं. पुढच्या चौकटीत पाट काढला आणि विचारलं, "तुम्हाला कुठं काढू?"

"खाली, जमिनीवर," मी म्हणालो. "पण ताठ बसलेला काढ."