अडकली की जळते

बासष्ट साली पौडला भात सडायची विजेची गिरणी आली आणि तिच्या मोटरीवर भिवाजी आला. मी तिथं वजनकाट्यावर बसे. हा गडी घाटाखालच्या वीजघरात हमाली करताना एवढंच शिकलेला: चुंबकापुढं तारेची गुंडाळी फिरवली की वीज निघते, ते जनित्र, वीज दिली की गुंडाळी फिरते, ती मोटर. मोटर तापली का हे तो उलट्या हातानं बघे. झटका बसला तरी मूठ मोटरीवर आवळत नाही म्हणून.

त्याचं पालुपद ठरलेलं. "फिरती मोटर सोताबी थोडी वीज करती, अन् येनारीला मागं रेटती. म्हनून जळत न्हाई. अडकली की रेटनारं कोन न्हाई. मंग लगेच बटन बंद!"

मोटरीशीच संसार मांडलाय, म्हणून आम्ही चिडवायचो. खरा संसार रंभाबाईशी. त्या मार्गशीर्षात भात झोडताना तिचं एक जोडवं हरवलं. "भातातच पडलंय," ती म्हणे. "बाजारात पाडलंस अन् भाताचं नाव सांगतीस," म्हणून हा तिच्यावर खेकसला. तिनं पेंढा न् पेंढा झटकला. पौषात तापानं गेली, ती एकाच जोडव्यानिशी.

भिवाजी रडला नाही. चौदाव्या दिवशी मोटरीवर हजर. जेवलास का म्हटलं तर "व्हय", उपाशी आहेस का म्हटलं तरी "व्हय". लोक त्याला दगड म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा राग आला होता.

माघात त्याची लेक कमळ पोतं घेऊन आली. "आबा, आईनं झोडलेलं भात हाय. महिन्याच्या निवदाला सडून द्या."

अर्धं पोतं झालं आणि यंत्र कचकन अडकलं. मोटर न फिरता नुसतीच घूं घूं करू लागली. भिवाजीनं बटण बंद केलं, पट्टा उतरवला, झाकण उघडलं. आत चेपलेलं चांदीचं जोडवं होतं.

ते हातात धरून तो उभा राहिला. करायला काहीच उरलं नव्हतं. सवयीनं त्यानं मोटरीला उलटा हात लावला.

"तापली का रे?" मी विचारलं.

"व्हय," म्हणाला, आणि खाली बसून त्यानं हंबरडा फोडला. मग कमळसमोर तळहात उघडून म्हणाला,

"तिचं खरं हुतं गं. भातातच हुतं."