गुडगावच्या अम्मांची मुलाखत

परदेशी प्रेक्षकांना माहितीपट दाखवणाऱ्या एका सरकारी वाहिनीसाठी मी इंग्रजी निवेदनं लिहायचे. दिल्लीत सरोजिनी नगरमधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्येच काय, अख्ख्या गल्लीत ती वाहिनी दिसत नसे. त्यामुळे मुलगी नेमकं काय करते, हे आईला शेजारी सांगता येत नसे. मला ते सोयीचं होतं.

गुडगावात तेव्हा शेतांवर टॉवर उभे राहत होते. त्यावरच्या फिल्मसाठी आमच्या निर्मात्या मॅडमनी तिथल्या एका म्हाताऱ्या अम्मांना गाठलं. अम्मा बोलायला तयार नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, "दुबई में दिखेगा?" त्यांचा मुलगा तिथे ड्रायव्हर होता, चार वर्षं घरी आला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बिल्कुल दिखेगा." अम्मा आत गेल्या आणि नवी ओढणी घेऊन आल्या.

त्यांनी कुणाकडे तरी बघून बोलावं म्हणून मला कॅमेऱ्याशेजारी बसवलं. अम्मा वीस मिनिटं बोलल्या. त्यांच्या शेतावर आता सोसायटी होती. आत जायचं तर गेटवरचा गार्ड रजिस्टरमध्ये अंगठा लावायला सांगायचा. "म्हारे खेत में जाण खातर म्हारा अंगूठा," असं म्हणून त्या हसल्या, आणि मग बराच वेळ ओढणीचं टोक चाचपत राहिल्या.

एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं, त्यांच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यावर माझा आवाज होता. हं. अच्छा. हं.

मॅडमनी हेडफोन काढले. "ये अम्मा का इंटरव्यू है या तुम्हारा, यार?"

समोरच्याने फक्त मान हलवायची, हे मला सांगितलेलं होतं. पण मोठं माणूस बोलत असताना गप्प बसून राहणं आमच्या घरी उद्धटपणा समजला जाई. शाळेत नेमकं उलटं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. एरवी माझ्यावर शाळेचाच पगडा असायचा. त्या दिवशी घर जिंकलं होतं.

"मग हे सगळं काढावं लागेल," मॅडम हिंदीत म्हणाल्या. "टॉवर दाखवू, वर तुझं निवेदन."

म्हणजे दुबईत टॉवर दिसणार होते, अम्मा नाही. मी पुन्हा जाऊन येते म्हटलं.

या वेळी मी ओठ घट्ट मिटून बसले. दोन वाक्यांनंतर अम्मा थांबल्या. "सुणै सै के ना, छोरी?" मी ऐकतेय म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "हां जी, खेत था. बिक गया." पुढे काही नाही.

शेवटी पहिलीच मुलाखत ठेवून आम्ही फिल्म मंजुरीला नेली. मंजुरी देणाऱ्या साहेबांनी टेप थांबवायला लावली. "ये बीच में कौन बोल रहा है?"

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या.

"मैं, सर."

"काटिए इसे."

"काटेंगे तो अम्मा भी कट जाएँगी, सर." त्या खोलीत मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

साहेबांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. अंगठ्याचं वाक्य आलं आणि त्यांच्याच तोंडून हळूच "अच्छा" निघालं. मॅडमना खोकला आला. साहेबांनी चष्मा पुसला आणि सही केली.

फिल्म लागून गेल्यावर मी अम्मांकडे गेले. मुलाचा शेजारच्या दुकानात फोन येऊन गेला होता. त्याने तिकडे दुबईत आपल्या खोलीतल्या सगळ्यांना बोलावून फिल्म दाखवली होती.

"क्या बोला?" मी विचारलं.

"बोल्या, माँ, तू दुबली हो गई."

"और खेत के बारे में?"

"कुछ ना पूछ्या." त्या ओढणी सारखी करत म्हणाल्या, "होळी पै आवैगा. छुट्टी माँग ली सै."

मग त्या चहा ठेवायला उठल्या.