मामाचं ऐकून घेणं

माझ्या मामाला ऐकू येईनासं झालं, त्यानंतर वर्ष-दीड वर्ष घरात कुणाला पत्ताही लागला नाही. समोरच्याचे ओठ दिसले तर त्याला बोलणं कळायचं, नाहीतर नुसती गुणगुण. एवढी मोठी गोष्ट लपलीच कशी, असं लोक मला विचारतात. लपणारच. ऐकण्याचा अभिनय हाच ज्याचा जन्मभराचा धंदा, त्याला पकडणार कोण?

मामा नट. नाटक कंपनीत शिरला तो नायक व्हायला, पण नाकाने घात केला. ते फार लांब आहे. पहिल्या नाटकात त्याला नोकराचं काम मिळालं. हातात ट्रे धरून उभं राहायचं आणि नायकाचं लांबलचक भाषण संपलं की ट्रे आत न्यायचा. वाक्य एकही नाही. मामा उभा राहिला आणि मनापासून ऐकू लागला. दोन-चार प्रयोगांतच प्रेक्षक ट्रेवाल्याकडे बघायला लागले. नायकाने तक्रार केली की हा इतकं नीट ऐकतो, की लोकही नीट ऐकायला लागलेत आणि माझ्या चुका सापडताहेत. दिग्दर्शक शहाणा होता. त्याने नायकाची समजूत काढली आणि पुढच्या नाटकात मामाला बढती दिली.

मग मामा वकील झाला, फौजदार झाला, डॉक्टर झाला. नायिकेचा बाप तर इतक्यांदा झाला, की मामी म्हणायची, "आपल्याला मूलबाळ नाही तेच बरं, नाहीतर ह्यांना घरीही तेच काम." रस्त्यात लोक त्याला ओळखायचे, पण नाव कुणाला आठवायचं नाही. एकदा भर बाजारात एका बाईंनी "तुम्ही ते डॉक्टर ना?" म्हणून त्याला आपला सुजलेला गुडघा दाखवला. मामाने तो गंभीरपणे पाहिला, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विश्रांती घ्या म्हणाला. बाई आभार मानून गेल्या.

घर चालायचं ते मामीच्या पगारावर. ती पोस्टात काउंटरवर होती. मामाच्या मिळकतीत वर्षा-दोन वर्षांनी भिंतींना रंग लागायचा, एवढंच.

पुढे त्याने शिंप्याच्या दुकानावरची लांबट खोली घेऊन अभिनयाचा क्लास काढला. खालून शिलाई मशीनची खडखड, वर डझनभर लाकडी खुर्च्या. मामाचा नियम असा की पहिले तीन महिने कुणी एक वाक्यही बोलायचं नाही. खुर्चीत बसायचं आणि समोरच्याचं ऐकायचं. हिरो व्हायला आलेली निम्मी पोरं महिनाभरात पळून जायची. उरलेली पाठीमागे त्याला 'कानमास्तर' म्हणायची. एक जण ऐकताना सारखी मान डोलवायचा. मामा त्याला म्हणाला, "मान हलवणारा माणूस ऐकत नसतो रे. तो आपली पाळी कधी येते ते बघत असतो." मी हे वाक्य ऐकल्यापासून ऑफिसात मान हलवत नाही आणि त्यामुळे साहेब माझ्यावर नाराज असतात.

मामी बोलकी. इतकी, की तिच्याबरोबर भाजी आणायला गेलं तर परत येईस्तोवर भाजी सुकते. आणि तिची जुनी तक्रार एकच: "हे सगळ्या जगाचं ऐकतात, माझं सोडून." खोटं नव्हतं ते. तालमीवरून घरी आलेला मामा म्हणजे पालथा घडा.

पण कान गेले आणि सगळं उलटं झालं. कळावं म्हणून मामा तिच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागला. ती बोलायला लागली की पेपर खाली ठेवायचा, समोर येऊन बसायचा, योग्य जागी हं म्हणायचा, योग्य जागी हसायचा. मामी खूश. मला फोन करून म्हणाली, "म्हातारपणी का होईना, सुधारले." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. माणसं म्हातारपणी सुधारत नाहीत.

मामाने हे लपवलं ते भीतीपोटी. नव्या नाटकात त्याला म्हाताऱ्या वकिलाचं काम मिळालं होतं, पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत रंगमंचावर. एवढं मोठं काम उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. कान गेल्याचं कळलं की हे काम जाणार आणि 'कानमास्तर बहिरा' म्हणून क्लासही बसणार, असा त्याचा हिशोब. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाटकातली सगळ्यांची वाक्यं त्याने पाठ केली होती, त्यामुळे तालमीत अडत नव्हतं. फोन तो उचलायचाच नाही. घरात मात्र कुणी संहिता लिहून देत नाही.

एका रविवारी दुपारी मामी मटार सोलत बसली होती. तिच्या पोटात गाठ निघाली होती. तिने आधी फक्त मला सांगितलं होतं, आणि मामाला ती स्वतःच सांगेल, तोवर मी बोलायचं नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली होती. त्या दुपारी तिने सांगितलं. खाली मान घालून, मटारांशी बोलावं तसं. गुरुवारी ऑपरेशन आहे, गाठ कसली निघेल ते काढल्यावरच कळेल, हे सगळं. मग तिने वर बघितलं. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनातलं सगळं सांगितल्यासारखं वाटलं गं," मामी मला म्हणाली.

गुरुवारी ती बॅग भरत असताना मामा "येतो गं" म्हणून नेहमीसारखा निघून गेला. मामीला वाटलं, तालमीत रजा सांगून येतील. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. वॉर्डात तिला गाऊन घालून बसवलं. ती दाराकडे बघत होती. मी फोनवर फोन लावले.

"येतील. मी सांगितलंय त्यांना," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत तेच म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॅक्सी केली आणि तालमीच्या हॉलवर पोचले. मधोमध नायिका आपलं दुःख सांगत होती आणि मामा ऐकत होता. इतकं सुंदर ऐकत होता, की रागात असूनही मी क्षणभर दारातच बघत राहिले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी दारातून हाक मारली, "मामा." सगळे वळले. नायिका थांबली. मामा तिचं ऐकतच होता. मी पुन्हा ओरडले. शेवटी सगळे कुठे बघताहेत हे दिसलं, तेव्हा त्याने मान वळवली.

मला कळलं. दिग्दर्शकालाही कळलं असावं, कारण तो हातातली संहिता मिटून खाली बसला.

मी मामासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्याने विचारलं, "ऑपरेशन? कुणाचं?" मग तो काही न विचारता चपला शोधायला लागला. (दिग्दर्शकाने काम त्याच्याकडेच ठेवलं, क्लासही चालू आहे, हे इथेच सांगून टाकते. पण त्या वेळी दोन्ही गेलं असं धरूनच तो निघाला आणि मागे वळूनही बघितलं नाही.) टॅक्सीत म्हणाला, "मला वाटलं ती बहिणीकडे चाललीय."

वॉर्डात मामीने त्याला बघितलं आणि तोंड फिरवलं. मी तिला कानांचं सांगितलं. ती गप्प झाली. मामी गप्प झालेली मी तेव्हाच पाहिली. मग त्याच्याकडे वळून, नीट दिसेल असं म्हणाली, "मग त्या दिवशी रडलात कशाला? तोही अभिनयच का?"

"तू वर बघितलंस तेव्हा तुझा चेहरा पाहिला," मामा म्हणाला. "काहीतरी वाईट आहे एवढं कळलं. काय म्हणालीस ते विचारायचा धीर झाला नाही."

"विचारायचं होतंत."

"हो. आता सांग. सगळं."

आणि मामीने सांगितलं. जे मटारांना पुटपुटत सांगितलं होतं, ते भरल्या वॉर्डात ओरडून सांगितलं. गाठ, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि शेवटी, "मला भीती वाटतेय." शेजारच्या खाटांवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मामा ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. तोंड थोडं उघडं, डोळे कोरडे. इतक्या वाईट तऱ्हेने ऐकताना मी त्याला कधीच बघितलं नव्हतं.

मग तो काहीतरी बोलला. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा म्हणून दिग्दर्शक त्याला घ्यायचे, पण त्या वेळी तो हातभर अंतरावरच्या मामीपर्यंतही पोचला नाही.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"मलाही," मामा म्हणाला.