धूळ शोधायला मीच निघाले!

आता काय सांगू, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी जे दिवे लावले, ते गावाकडं, पूर्णेत आजवर कुणाला कळू दिले न्हाईत. आज सांगते. हसा, पण चहा तेवढा सांडू नका!

बंगळुरूच्या ज्या कारखान्यात मी लागले, तिथं क्वांटम कॉम्प्युटरच्या चिपा बनतात. पूर्वी म्हणे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हातानं एकेक चिप करायचे. आता मोबाईलच्या चिपांसारख्याच, ताटाएवढ्या चकतीवर शेकड्यानं! पण काम लय नाजूक. धुळीचा एक कण बसला, की चिप कामातून गेली. म्हणून अंगभर पांढरा झगा, तोंडाला मास्क.

चौथ्या दिवशी ट्रेनिंग संपवून मी पहिल्यांदा आत गेले अन् हवेतली धूळ मोजणारं मीटर बोंबलायला लागलं. आमच्या प्रमुख सुमती मॅडम. त्यांनी आधी झटकन चकत्यांची पेटी बंद केली अन् ओरडल्या, "काम थांबवा! धूळ येते कुठून?" (बोलल्या हिंदीत, मी आपली मराठीत सांगायलेय.)

नवा उत्साह! मी मीटर उचललं. "मॅडम, मी शोधते!"

छताच्या जाळीखाली गेले, आकडा वाढला. "इथंच हाय!" यंत्रामागं गेले, तिथंबी वाढला. दाराशी गेले, तिथंबी!

"मॅडम, सगळीकडंच धूळ हाय हो!"

सगळं काम ठप्प. दोन मेकॅनिक शिडी लावून छत उघडायलेत. मॅडम मात्र माझ्याकडंच बघायल्या.

"मीटर इकडं दे. तू लांब उभी राहा."

आकडा उतरला.

"आता जवळ ये."

चढला!

"तोंडाला काय लावलंयस?"

"काई न्हाई... पावडर. थोडीशी."

"ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ना, मेकअप करायचा नाही?"

"मॅडम, मेकअप म्हंजी लिपस्टिक! पावडर म्हंजी स्वच्छता!"

शिडीवरचा मेकॅनिक पडता पडता वाचला. अहो, रोज सकाळी आईचा फोन: "चार माणसांत जायलीस, तोंडाला पावडर लावलीस का न्हाई?" अन् मी आज्ञाधारक!

पण मनात आलं, नोकरी गेली, आता गाडीत बसून घरी, वडलांना, अप्पांना काय तोंड दाखवू? रडूच फुटलं.

मॅडम म्हणाल्या, "चकत्या वाचल्यात. तोंड धू, चहा पी अन् कामावर ये." वरिष्ठांना कळवताना त्यांनी लिहिलं, 'नव्या मुलीला आम्हीच नीट समजावलं नव्हतं.' सांगा, असं कोण लिहितं? आज मी तिथं टिकून हाय, ती त्या एका ओळीमुळं. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरायची न्हाई.

आठवड्यानं त्यांनी एक कागद पुढं केला. "एवढं मराठीत लिहून दे."

मी खुशीत, वळणदार अक्षरात लिहून दिलं: 'पावडर हासुद्धा मेकअपच आहे.' दुसऱ्या दिवशी पाटी दारावर! इंग्रजी, कन्नड अन् मराठी. मी मिरवतच सगळ्यांना दाखवायले, "बघा, माझं अक्षर!"

संध्याकाळी डोक्यात उजेड पडला.

अख्ख्या कारखान्यात मराठी वाचणारी मी एकटीच हाय!